रविवारचा भुतांचा गेम

दार सताड उघडं होतं, तरी तो चौकटीला खांदा घासूनच आत आला आणि पुढच्या पावलाला स्टुलावर आदळला. स्टुलावरचं पाण्याचं भांडं खणखणत खाली पडलं.

"डोळे काय खिशात ठेवून आलात?" छकूच्या तोंडून निघून गेलं.

"जवळजवळ तसंच," तो शांतपणे म्हणाला आणि वाकून भांडं शोधू लागला. भांडं त्याच्या उजव्या पायाशीच होतं. त्याला ते सापडायला इतका वेळ लागला, की छकूला आपल्याच बोलण्याची लाज वाटली.

तो दादाचा व्हिडिओ गेम न्यायला आला होता. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. ते टीव्हीला जोडायचं काळं खोकं दिसलं की आईचे डोळे भरून यायचे, म्हणून छकूने वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी लावली होती : जुना गेम, चालू स्थितीत, आवड असलेल्याला द्यायचा आहे. ती त्याच वाचनालयात फाटलेली पुस्तकं शिवायची. चिठ्ठी तिथे दहा दिवस होती. आला तो हा एकटाच.

"एकदा लावून बघू?" त्याने विचारलं. "लहानपणी यात मला कुणी हरवलं नव्हतं."

छकूने जुना टीव्ही सुरू केला, कॅसेट फुंकर मारून बसवली. निळ्या भिंतींचा चक्रव्यूह पडद्यावर उमटला. ठिपके गिळत धावणारं पिवळं तोंड आणि मागे लागलेली चार भुतं... दोन वर्षांनी तो आवाज घरात घुमला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, नुसती बघत राहिली.

हात मात्र त्याचा खरंच चलाख होता. समोरच्या भुताला तो सहज झुकांडी द्यायचा, पण कडेच्या बोळातून आलेलं भूत त्याला दर वेळी गाठायचं. तिसऱ्यांदा तसं झालं आणि छकूला राहवलं नाही.

"डावीकडून येतंय... आता वर जा. वर!"

तो वर गेला. वाचला.

"समोरचं छान दिसतं मला," डाव संपल्यावर तो म्हणाला. "कडेचं नाही. नळीतून बघावं तसं. बस चालवायचो मी, अकरा वर्षं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी चावी ठेवून आलो. आता डेपोत बसतो, माइकवरून गाड्या सांगतो."

आई पुढे आली. "ड्रायव्हरसाहेब, चहा घेणार ना?"

जाताना त्याने खोकं हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"राहू दे इथेच. घरी नेऊन काय करू? तिथे वर जा म्हणणारं कोण आहे?"

"मग?"

"रविवारी सुट्टी असते मला. तुमची हरकत नसेल तर..."

हरकत कुणाचीच नव्हती. दर रविवारी दुपारी तो येऊ लागला. आईने ते स्टूल आपणहून वाटेतून उचललं. दोघं शेजारी बसायची. तो खेळायचा, ती सांगायची.

"आज तुम्ही उशिरा सांगताय," तो एकदा म्हणाला.

"तुम्ही ऐकत कुठे होतात?"

"ऐकत होतो. शब्दांकडे लक्ष नव्हतं, एवढंच."

छकूचे कान तापले. त्या डावात पुढची तीन भुतं दोघांनाही दिसली नाहीत.

आठवडाभर वाचनालयात पानं शिवता शिवता ती रविवारची वाट बघायची. दादाबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती, ते त्याच्याशी बोलली. आजारात शेवटी शेवटी दादाला गेम खेळायचा होता आणि ती 'उद्या' म्हणाली होती, हेही सांगितलं. त्याने समजूत घातली नाही. बटण सोडून तिचा हात तेवढा धरला. पिवळं तोंड पडद्यावर एकटंच मेलं.

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. नळीतून जास्तीत जास्त पडदा दिसावा म्हणून तो खुर्ची मागे घ्यायचा. पावसाळ्यात एक वीत, थंडीत आणखी दोन. एका रविवारी खुर्ची मागे ओढताना वायर ताणली गेली आणि खोकंच टेबलावरून खाली आलं. फुटलं काही नाही. त्याने ते चाचपून जागेवर ठेवलं, चहा न घेताच निघाला, आणि पुढचे तीन रविवार आला नाही.

चौथ्या रविवारी आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू इथे बसून दार किती वेळ बघणार? दार काही उठून डेपोत जाणार नाही."

सुट्टी बदलून घेऊन तो चौकशीच्या खिडकीत बसला होता. छकू बाजूच्या दाराने आत गेली. पावलांवरूनच त्याने ओळखलं असावं; वळला नाही.

"डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं. फार तर तीन," तो म्हणाला. "मग समोरचंही जाईल. जन्मभर कुणाला डावी-उजवी सांगायला बसवायचं नाही मला."

"मला कुणी बसवलं नव्हतं. मी बसले होते."

"आज ठीक आहे. पुढे कंटाळाल."

"कंटाळेन एखादे दिवशी. तुम्हीही कंटाळाल मला. भांडू." ती त्याच्या खुर्चीजवळ आली. "मी एकदा उद्या म्हटलं आणि उद्या आलाच नाही. दोन वर्षं मिळणार असतील तर ती मला हवीत. त्यानंतरचीही हवीत. मला तुम्ही आवडता... दया नाही ही. दया आली असती तर खोकं तुमच्या घरी पोचवून मोकळी झाले असते."

त्याने माइक पुढे ओढून एका गाडीची घोषणा केली, फलाट चुकला, आणि पुन्हा नीट सांगितली.

"भीती वाटते मला," माइक बंद करून तो म्हणाला.

"मलाही."

"पाचला सुटतो मी."

"थांबते."

ती बाहेर बाकावर बसून राहिली. पाच वाजता तो आला. डेपोच्या त्या पायऱ्या तो अकरा वर्षं चढला-उतरला होता. अंधारातही धावत उतरला असता. कुणी आधार द्यायला आलं की हात झटकायचा, हेही तिला ठाऊक होतं.

वरच्या पायरीवर तो थांबला आणि तिच्या दिशेने हात पुढे केला.

"किती पायऱ्या आहेत गं?" त्याने विचारलं.

"सहा," छकू म्हणाली, आणि तो हात तिने धरला.