ग्रहण सुटेपर्यंत

मिरजेच्या त्या स्मृतिविज्ञान संस्थेत एक नियम कडक पाळला जाई. आठवणीचा ठसा उघडा असताना वाचनकक्षात कुणी एक अक्षरही बोलायचं नाही. दारावर शब्द नव्हते, नुसतं ओठांवर ठेवलेल्या बोटाचं चित्र होतं. मंदाकिनी वझे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या चित्रापुढे क्षणभर थांबल्या.

"श्रावण सोमवारी आम्ही मौनानं जेवतो, तसंच की हे," त्या म्हणाल्या. "मला जमेल."

वय ऐंशी. नऊवारी नाही, पण पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. हातातल्या पिशवीत जपाची माळ आणि घरचं पाणी, कारण त्या दिवशी त्यांची एकादशी होती. संस्थेतली डॉ. मृण्मयी बांदेकर त्यांना आधीपासून ओळखत होती, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या गाण्याला. तिच्या आईच्या लहानपणी रेडिओवर ते रोज लागायचं.

*ऐन दुपारी रात्र उतरली, तिच्यासवे तू आलास*
*उजेड फुटता वाळूवरती पाउल ठेवुनि गेलास*

दोनच कडवी. तिसरं कधी झालंच नाही, आणि मंदाताई त्यासाठीच आल्या होत्या.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. एकोणीस वर्षांच्या असताना, माघातल्या अमावास्येला, त्या मावशीबरोबर कारवारच्या खाली समुद्रावर गेल्या होत्या. खग्रास सूर्यग्रहण होतं आणि बायकांना पर्वस्नान करायचं होतं. तिथे दुर्बिणी घेऊन आलेल्या मुलांमधल्या एकानं त्यांना काजळी धरलेली काच दिली. अडीच मिनिटं दिवसाची रात्र झाली. त्या अंधारात तो काहीतरी बोलला. मग उजेड आला आणि तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. पुढे लग्न झालं, संसार झाला, यजमान चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही.

"पण तो काय बोलला ते आठवत नाही हो. तेवढं कळलं तर तिसरं कडवं होईल. आणि आता सांगलीचे डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार सुरू झालाय. वर्ष, दीड वर्ष. म्हणून घाई."

डॉ. हबीब मुजावर संस्थेचे प्रमुख होते. स्मृतिदर्शक हे यंत्र त्यांच्याच हाताखाली तयार झालं होतं. तीन दिवस मंदाताईंच्या मेंदूची तपासणी चालली, आणि चौथ्या दिवशी निष्कर्ष सांगायची पाळी आली तेव्हा मुजावरसरांनी आधी चहा मागवला. मृण्मयीला त्यावरूनच कळलं की बातमी चांगली नाही.

"मंदाताई, आठवण म्हणजे दगडावरचा लेख नाही," ते म्हणाले. "पेटीतला शालू समजा. बघायला काढला की घडी मोडते, परत ठेवताना नवी घडी पडते. मेंदूत तर त्याहून विचित्र होतं. आठवण काढली की ती उघडते, मऊ होते, आणि मिटताना पुन्हा नव्यानं लिहिली जाते. त्या वेळी मनात जे असेल, कानावर जे पडेल, तेही तिच्यात शिवलं जातं. म्हणून आमच्या कक्षात मौन."

"मग माझी किती वेळा लिहिली गेली?"

"किती वेळा म्हणता हे गाणं?"

"रोज. दिवेलागणीला, देवापुढे दिवा लावून झाला की. साठ वर्षांत नेम चुकलेला नाही. बाळंतपणातसुद्धा मनातल्या मनात म्हटलं."

मुजावरसरांनी मृण्मयीकडे पाहिलं. यंत्रानं पुनर्लेखनांचा आकडा बावीस हजारांच्या आसपास दिला होता. त्या आठवणीतल्या मुलाचे डोळे गाण्यातले डोळे होते, वाळू गाण्यातली वाळू होती. खाली दुसरं काही उरलेलं नव्हतं. त्यांनी ते जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू सांगितलं.

मंदाताईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"म्हणजे मी त्याला जपत नव्हते," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं पुसत होते."

मग मृण्मयीनं तपासणीत दिसलेली दुसरी गोष्ट काढली. मेंदूतल्या वासाच्या केंद्राजवळ, त्याच दिवसाचा, एक लहानसा ठसा होता. एकदाही न उघडलेला. असा अस्पर्श ठसा त्यांनी आजवर माणसात पाहिला नव्हता, कारण माणसं एकसष्ट वर्षांत कुठला ना कुठला वास पुन्हा घेतातच. वासाचा ठसा वासानंच उघडतो, नुसतं नाव घेऊन नाही. तिनं विचारलं की असं काही आहे का, जे ताईंनी त्या दिवसानंतर कटाक्षानं टाळलं.

मंदाताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "रामफळ."

पंचविसाव्या वर्षी सासूबाई त्यांना काशीला घेऊन गेल्या होत्या. काशीला गेलं की आवडीचं एक फळ सोडायचं असतं, आयुष्यभरासाठी. मंदाताईंनी रामफळ सोडलं. सासूबाई हसल्या होत्या, म्हणाल्या होत्या की आंबा सोडायला जिवावर येतं म्हणून लोक असली फळं सोडतात, तू पण त्यातलीच गं. तेव्हापासून घरात रामफळ आलं नाही. बाजारात गाडी दिसली तरी त्या नाकाला पदर लावून पलीकडून जात.

"आणि काशीच्या आधीची सहा वर्षं?"

"तेव्हाही नाहीच खाल्लं. लांबून नुसतं दिसलं तरी नजर वळवायची मी. का, ते मला माहीत नाही. गाण्यात तर रामफळ कुठेच नाही."

मुजावरसर खुर्चीत पुढे सरकले. एक रामफळ, एकदाच हुंगलं तर तो ठसा उघडेल, त्यांनी सांगितलं. यंत्र तो एका दमात वाचून घेईल. माणसाला मात्र तो घडला त्याच वेगानं पुन्हा जगावा लागतो, त्याला तास लागला असेल तर तास. खरी प्रत त्या एकाच वेळेची. नंतर तोही गाण्यासारखा होत जाणार.

"काशीला सोडलेलं आहे ते, डॉक्टर."

"खायचं नाही, फक्त वास."

"देवाशी अशी घासाघीस करत नाही मी." आवाज चढला नव्हता, पण मुजावरसर पुन्हा मागे टेकले. मग मंदाताईंनीच विचारलं, "हा आजार आधी काय नेतो?"

"जे ताजं लिहिलेलं असतं ते. तुम्ही काल संध्याकाळी ती आठवण पुन्हा लिहिलीत, म्हणून ती लवकर जाईल. गाण्याचे शब्द जिभेवर राहतील, ते निराळ्या जागी असतात. ते कुणाबद्दल आहेत, ते जाईल. अस्पर्श ठसा सगळ्यात जुना. तो शेवटी."

मंदाताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी निवल्यासारखं दिसलं.

"मग राहू दे तो. ज्या दिवशी मला माझा काशीचा नेमही आठवणार नाही ना, त्या दिवशी रामफळ आणा. नेम मोडायला तो ठाऊक तरी असावा लागतो." त्यांनी मृण्मयीचा हात हातात घेतला. "तो काय बोलला, ते ऐक. आणि तिसरं कडवं तू लिही."

"ताई, मला कविता येत नाही."

"मलाही कुठे येत होती गं. एकच तर लिहिली."

संमतीपत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, वर श्री काढून.

आजारानं सव्वा वर्ष घेतलं. मृण्मयी दर महिन्याला सांगलीच्या वृद्धाश्रमात जाई. आधी ग्रहण गेलं, मग समुद्र गेला, मग यजमान. एकादशी कधी असते ते मंदाताई विचारू लागल्या, नंतर विचारेनाशा झाल्या. जपाची माळ त्यांनी एकदा हातात फिरवून पाहिली आणि हे कुणाचं म्हणून परत दिली. दिवेलागणीला गाणं मात्र येई, दोन्ही कडवी, सुरात. कुणाचं आहे विचारलं तर त्या म्हणत, रेडिओवरचं.

माघात मृण्मयीनं त्यांना विचारलं, "ताई, रामफळ खाणार?"

"ते काय असतं?" मंदाताई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात, दुपारी तीनला, त्यांना वाचनकक्षात आणलं. मुजावरसर यंत्रापाशी बसले. मृण्मयीनं पिकलेलं, तांबूस रामफळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं. मंदाताईंनी ते नाकाशी नेलं.

पहिल्यांदा बोटं फळाभोवती घट्ट मिटली. मग मान वर झाली आणि त्यांनी डोळे किलकिले करून छताकडे पाहिलं, जसं कुणी उन्हाकडे पाहतं.

पडद्यावर ठसा वाचून पूर्ण झाला होता. चित्र धूसर होतं, आवाज स्वच्छ.

एक उंच, किडकिडीत मुलगा. गाण्यात त्याला घारे डोळे होते, इथे साधा चष्मा होता. अंधार पडला तेव्हा त्यानं खिशातून रामफळ काढून तिच्या हातात दिलं. "ग्रहण सुटल्याशिवाय मी खात नाही," मुलगी म्हणाली. "बरं. मी थांबतो," तो म्हणाला. "सुटलं की अर्धं अर्धं खाऊ." एवढंच तो बोलला होता. पुढचा तासभर दोघं सुरूच्या झाडाखाली बसली होती, काचेतून आळीपाळीनं सूर्य बघत.

मृण्मयीला वाटलं, इतकं साधं? मग तिनं पुढचं पाहिलं.

ग्रहण सुटलं. मावशीची हाक आली, मोक्षाचं स्नान करायचं होतं. मुलीनं रामफळ त्याच्या हातात परत दिलं. "धरा हं. आंघोळ करून आलेच मी." स्नान झालं. ट्रक सुरू झाला होता, बायका चढत होत्या. मावशीनं विचारलं, तिकडे काय बघतेस? मुलगी म्हणाली, काही नाही, आणि चढली. ट्रक वळला तेव्हा तो सुरूखाली उभा होता. रामफळ दोन्ही हातांत धरून. शेवटपर्यंत तो हललेला नव्हता.

मुजावरसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गेलास, असं ते गाणं साठ वर्षं म्हणत होतं. वाळूवर पाऊल ठेवून गेली होती ती, तो नव्हे. एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीला ते सोसलं नसणार, म्हणून तिनं ओळ उलटी लिहिली, आणि मग रोज देवापुढे म्हणून खरी केली.

खुर्चीत मंदाताई अजून तिथवर पोचल्या नव्हत्या. त्या झाडाखालीच होत्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तशाच होत्या, पण त्यांच्यामागून कुणीतरी एकोणीस वर्षांचं बघत होतं. फळ त्यांनी तोंडाला लावलं नव्हतं. त्यांनी मृण्मयीच्या दिशेनं मान वळवली, जशी त्या दिवशी मावशीच्या दिशेनं वळवली असेल.

"ग्रहण सुटलं का?" त्यांनी विचारलं.

मुजावरसरांनी तत्काळ ओठांवर बोट ठेवलं. ठसा उघडा होता. या क्षणी जे कानावर पडेल ते त्यात शिवलं जाणार होतं, कायमचं. आणि गप्प राहिलं तर थोड्या वेळात मावशीची हाक येणार होती, ट्रक येणार होता.

मृण्मयीनं अकरा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

"नाही अजून," ती म्हणाली. "वेळ आहे. बसा तुम्ही."

"बरं," मंदाताई म्हणाल्या, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे थोडं सरकून बसल्या.

त्या दिवशीच्या अहवालात मृण्मयीनं लिहिलं की कक्षात शब्द उच्चारला गेला, ठसा बिघडला, जबाबदारी माझी. मुजावरसरांनी सही केली, शेरा मारला नाही. तिसरं कडवं तिनं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात दिवा लागल्यावर मंदाताईंनी गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली आणि त्या थांबल्या. सेविकेला वाटलं, आता तेही विसरल्या. तिनं पुढची ओळ सुरू करून दिली, "उजेड फुटता..."

मंदाताईंनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं, आणि पदराआडचं कालचं रामफळ दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या.