कपिलेची न भरणारी जखम

"माझं ढोपर आठ दिवसांत बरं झालं. हिची मान बारा दिवस झाले तरी का बरी होत नाही?" श्रेयाने विचारलं.

मयूरने मोबाइल पुढे केला. दिवाळीपर्यंत चाळीमागे राहणाऱ्या जाईबाईंच्या कपिला गायीचं रोज एक रील काढायचं, असं व्रतच त्याने घेतलं होतं. बघणारे एकूण सात, त्यांत तो स्वतः आणि त्याची आई. पण सगळी रील ओळीने पाहिल्यावर दिसलं, की तारेचा लहानसा ओरखडा मलम लावूनही रोज वाढतच होता.

दोघं मोबाइल घेऊन परळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर सरोजिनींनी येऊन कपिलेचं रक्त तपासायला नेलं. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "विषाणूची लागण आहे. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच गाठतो. मग त्या जंतू समोर दिसले तरी गिळत नाहीत. पहारेकरीच आजारी! आपण जंतूंवर औषध देऊ, तोवर पेशी सावरतील. पण तिला दुसऱ्या गायीवासरांजवळ नेऊ नका."

आणि दुसऱ्याच दिवशी वसुबारस. लालबागच्या चाळीच्या पटांगणात पूजेला आठ गायी वासरांसह येणार होत्या, नववी कपिला. सेक्रेटरी मनमोहनकाका ऐकेनात. त्यांनी तिला दोन चमचे च्यवनप्राश चाटवला होता, आणि बॅनरवर 'नऊ गोमाता' छापून झालं होतं. बॅनरपुढे रक्ताच्या रिपोर्टचं काय चालणार?

जाईबाई रडकुंडीला आल्या. आठ वासरं आजारी पडली तर बोल कपिलेलाच लागणार.

"काकांना नऊ हव्यात ना? नऊ देऊ," श्रेया म्हणाली.

मूर्तिकार दीपककाकांच्या कारखान्यात देखाव्यातली मातीची गाय पडून होती. वसुबारसेला गाय मिळाली नाही तर लोक मातीचीच पुजतात. कपिला दवाखान्यात वेगळ्या खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झूल पांघरून ही पाहुणी नवव्या जागी उभी राहिली.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात तिच्या शांत स्वभावाची स्तुती केली. मनमोहनकाकांनी तिच्या तोंडापुढे घास धरला. तिने खाल्ला नाही. काकांनी आग्रह केला. मग नाकाचा ताजा रंग त्यांच्या बोटांना लागला.

पूजेला आलेल्या डॉक्टर सरोजिनींनी तिथेच सगळ्यांना रिपोर्ट समजावला. "मुलांनी डोळे उघडे ठेवले, म्हणून ही वासरं वाचली," त्या म्हणाल्या. टाळ्या थांबल्यावर काकांनी माइक घेतला, मुलांची पाठ थोपटली आणि मातीच्या गायीला कमिटीची आधीपासूनच मंजुरी होती, असं जाहीर केलं.

तीन आठवड्यांनी कपिलेच्या मानेवर कोरडी खपली धरली. तिला घरी न्यायला तिघं दवाखान्यात गेली. जाईबाई आपल्या गायीची दोरी कधीच कुणाच्या हातात देत नसत. त्या दिवशी त्यांनी ती श्रेया आणि मयूरच्या हातात दिली, आणि लालबागपर्यंत मागून चालत आल्या.