चाळिसावी चिठ्ठी

बाजाराच्या दिवशी शेलूबाजारात देवमनमामांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यात मामा सामान आणायला अकोल्याला गेलेले आणि काउंटरवर त्यांची भाची पौर्णिमा एकटीच. तेवढ्यात कुणीतरी एक फुटका फोन तिच्यापुढे ठेवला. काचेच्या भेगेत मेथीचं पान अडकलं होतं.

"भाजी तोलता तोलता पडला," तो म्हणाला. "डिस्प्ले बदला... पन आतलं काही पुसू नोका. काहीच नाही."

"आमी कायले पुसू?" पौर्णिमानं नाक उडवलं. "कोनाचे फोटो हायेत येवढे?"

"फोटो नाही. गेम हाय."

गेम! एवढा उंचापुरा गडी, आणि गेमसाठी जीव टांगणीला! तिला हसू आलंच. पण तो हसला नाही... आणि तिचं हसू तोंडातल्या तोंडात जिरलं.

त्याचं नाव आदर्श. मंगरुळपीरच्या अलीकडे त्याच्या घरचा भाजीचा मळा. डिस्प्ले यायला उशीर झाला आणि त्याच्या चकरा सुरू झाल्या. आधी बाजाराच्या दिवशी, मग मधल्या दिवसांतही.

"ह्या वाटान्याच्या शेंगा... मामाले आनल्या."

"मामा तर जेवाले गेले."

"मंग तुमीच खा," म्हणून तो खाली बघत राहिला. गालावर खळी पडते की हो याला, पौर्णिमाच्या मनात आलं. बाई गं, कुठं लक्ष जातंय!

"असं काय हाय त्या गेमात?" तिनं शेंग सोलत विचारलं.

"एक पोस्टमन हाय. बर्फातलं गाव. चाळीस घरं, साऱ्यायत अंधार. चिठ्ठी टाकली का खिडकीत दिवा लागते. बस. मारामारी नाही, गानं नाही, नुसता वारा. कोन्या एकट्या मानसानं बनवला म्हनते."

"ह्यात काय मज्या?"

"मज्या नाही व... पन बंद केल्यावरबी थे गाव डोक्यातून जात नाही. बाकीचे लय खेळलो, एकबी आठवत नाही." तो थांबला. "माही बहीन खेळे. राधिका. सिकलसेल होता तिले, रक्ताचा आजार. सलाईन लागलेली असे, तरी एका हातानं चिठ्ठ्या टाके. एकुनचाळीस दिवे तिनं लावले. भाऊबिजेच्या चार दिवस आधी गेली."

पौर्णिमाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

डिस्प्ले आला त्या दुपारी दुकानात शुकशुकाट होता. नवी काच बसवली की एखादा गेम उघडायचा आणि चारही कोपऱ्यांत बोट फिरवून टच तपासायचा, ही मामांची शिस्त. तिनं तोच गेम उघडला. एकोणचाळीस पिवळ्या खिडक्या, आणि एक काळी. पोस्टमनच्या थैलीत एकच चिठ्ठी उरलेली. बिचारीचं एवढंच राहून गेलं... शेवटचा दिवा पेटलेला पाहून आदर्शला किती बरं वाटेल! या वेड्या मायेनं तिनं पोस्टमनला त्या घराशी नेलं आणि चिठ्ठी टाकली.

दिवा लागला नाही. चिठ्ठी उघडली. ती पोस्टमनच्याच नावाची होती. तिनं वाचली, आणि मग एकेक खिडकी विझत गेली. पडद्यावर उरलं फक्त 'न्यू गेम'. तिनं बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं, शंभरदा पाहिलं. जुनं गाव कुठंच नव्हतं.

संध्याकाळी आदर्श आला. तिनं काहीही लपवलं नाही.

"शेवटली चिठ्ठी तिनं मुद्दाम ठेवली होती," तो इतकंच म्हणाला. "म्हने, दादा, ही टाकली का सारं संपते. राहू दे."

फोन खिशात टाकून तो निघून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

तीन बाजार झाले, तो फिरकला नाही. पौर्णिमाला घास गोड लागेना. तिनं तो गेम आपल्या फोनमध्ये घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत, जीपची वाट बघताना, एकेक चिठ्ठी टाकत राहिली.

चौथ्या बाजाराला तो आला. गाल बसलेले, दाढी वाढलेली.

"काय होतं त्या चिठ्ठीत? तिनं वाचलीच नाही... तूच वाचली."

त्यानं पहिल्यांदा 'तू' म्हटलं, तेही असं. पौर्णिमानं आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. एकोणचाळीस खिडक्या.

"ह्या तिच्या नाहीत," त्याचा आवाज कडक झाला.

"नाहीत. माह्या हायेत. तिच्या मले परत देता येत नाहीत..." तिनं थेट त्याच्याकडे पाहिलं. "तुमी मले आवडता. म्हनून लावल्या. आता काय बोलाचं थे बोला."

बाहेर वांग्यांचा भाव ओरडणं चालू होतं. त्यानं उरलेल्या काळ्या खिडकीवर बोट टेकवलं. पोस्टमन बर्फातून चालत गेला. चिठ्ठी उघडली. इंग्रजीतल्या दोनच ओळी; पौर्णिमानं हळूच मराठीत सांगितल्या.

"लय फिरला तू. आता घरी ये."

खिडक्या विझायला लागल्या. राधिकाच्या सरणाजवळही ज्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, तो आदर्श काउंटरवर डोकं टेकून हमसून हमसून रडला.

"पोचली मंग थे घरी," तो म्हणाला.

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

"तुह्याबी खिडक्या गेल्या," त्यानं डोळे पुसले.

"जाऊ द्या. पुन्हा लावीन."

"एकटी नोको लावू," तो म्हणाला, आणि गिऱ्हाईकाचं स्टूल उचलून काउंटरच्या आत, तिच्या बाजूला घेऊन बसला.