बंद खोलीतली उजळणी

मेलेल्या माणसाने तास घ्यायला सुरुवात केली, तेव्हा संचालकांना आधी वाटलं, बरंच झालं, फुकटात शिक्षक मिळाला. पण पोरं पळायला लागली, तसा त्यांना घाम फुटला.

संस्थेत इंग्रजी शिकवणाऱ्या काकांना जाऊन महिना झाला होता. संस्थेतल्या ऐकायच्या फिती सगळ्या त्यांच्याच आवाजातल्या. आणि आता रोज दुपारच्या सुट्टीत, फिती ठेवलेल्या बंद खोलीतून तोच खर्जातला आवाज यायचा. इंग्रजीत एक वाक्य. थोडा वेळ शांतता. मग, "व्हेरी गुड." खोलीची किल्ली काकांनंतर सापडली नव्हती. दार फोडायची कुणाची छाती नव्हती.

"शुक्रवारपर्यंत हे भूत गप्प झालं नाही, तर संस्था बंद," संचालकांनी इंग्रजीतून बजावलं.

संस्था बंद म्हणजे राहण्याचा परवानाही गेला. परमुलखात इंग्रजी शिकवायला आलेल्या मामा, मावशी आणि ताई या तिघा मराठी शिक्षकांनाही गाशा गुंडाळावा लागणार. म्हणून त्यांच्यातली सर्वांत लहान, ताई, तपासाला लागली.

पहिला संशय मावशींवर. त्या वर्गात ओठ न हलवता हातातल्या कापडी माकडाकडून धडे वदवून घ्यायच्या.

"मावशी, काकांचा आवाज काढता येतो?"

"येतो. पण माकड घाबरतं."

"दुपारच्या सुट्टीत कुठे असता?"

"तुझ्यासमोर. रोज कुणाचा डबा संपवतेस?"

उरले मामा, काकांचे जिवलग. ते वर्गात चकार शब्द काढत नसत. उड्या मारत, टेबलाखाली शिरत. पोरं ओरडून ओरडून इंग्रजीत अंदाज बांधत. संचालक याला आधुनिक पद्धत म्हणत आणि पाहुण्यांना दाखवत.

"मामा, भीती नाही वाटत?"

"काकाची? हयातीत घोरायचा. आता निदान इंग्रजी बोलतो."

तेवढ्यात संचालक येऊन इंग्रजीत एक विनोद करून गेले. ताई आणि मावशी हसल्या. मामांनी दोघींची तोंडं पाहिली, मग सर्वांत मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने बंद दाराला कान लावला. वाक्य. शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी अडखळत तेच वाक्य म्हणालं.

"व्हेरी गुड," मेलेले काका म्हणाले. आत कुणीतरी हुंदका गिळला.

ताईने सगळ्यांना बोलावून दार ठोठावलं. उघडलं मामांनी.

तिने आधी संचालकांना इंग्रजीत उलगडून सांगितलं. मामा मान डोलवत राहिले. मग मराठीत सांगितलं, तेव्हा मान थांबली.

"काका फितीत मध्ये जागा सोडायचे, ऐकणाऱ्याने मागून म्हणावं म्हणून. आत ती जागा कुणीतरी भरत होतं. भुताला शिष्य कशाला लागतो? आणि आपल्यात शिकायची गरज कुणाला? जो वर्गात बोलत नाही, विनोदाला आमची तोंडं पाहून हसतो. मामा, तुमची पद्धतबिद्धत काही नाही. तुम्हाला इंग्रजी येतच नाही."

"मग मुलाखतीत काय केलंत?" मावशी किंचाळल्या.

"मान हलवली," मामा म्हणाले. "काका रोज दुपारी गुपचूप शिकवायचा. अर्ध्यावर सोडून गेला. किल्ली माझ्याकडेच राहिली."

संचालक इंग्रजीत काहीतरी बोलले.

"काय म्हणतायत?" मामांनी विचारलं.

ताईने मराठीत सांगितलं, "संस्था चालू राहणार. तुमची नोकरीही. तुमचा वर्ग दरवर्षी पहिला येतो, कारण बोलायचं सगळं काम पोरांवरच पडतं. पण अट आहे. तुम्ही इंग्रजी शिकायचं नाही. फिती आजपासून बंद."

आत फीत फिरतच होती. काकांनी काहीतरी विचारलं आणि ते थांबले.

मामांनी खोलीकडे पाहिलं.

"मग त्याला उत्तर कोण देणार?"