मृदुकाळातला प्रश्न

प्रयोगशाळेच्या छोट्या खोलीत यशोधन टिपणीस बसला होता. कोकेन घेताना असायची तशीच त्याच्यासमोर आरसा आणि पांढरी पूड ठेवली होती. पूड साधी साखरेची होती, तरी तिच्यावरून त्याची नजर हटत नव्हती. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. मृण्मयी कारखानीसला नेमकं तेच हवं होतं.

यशोधन नावाजलेला जाहिरातपटकार. कोकेनपायी त्याचा स्टुडिओ गेला, संसार मोडला, मुलगी शाल्मली आईबरोबर नाशिकला गेली. 'ओढशामक' या नव्या औषधाची चाचणी पुण्यातल्या या व्यसनमुक्ती केंद्रात सुरू झाल्याचं कळताच तो स्वतःहून आला. औषधामागची कल्पना मृण्मयीचे ज्येष्ठ सहकारी, जैवरसायनतज्ज्ञ डॉ. नझीर मुल्ला यांची.

"आठवण काढली की ती काही तास ओल्या मातीसारखी मऊ राहते," मुल्ला त्याला समजावत होते. "तो मृदुकाळ. मग ती पुन्हा घट्ट होते. मृदुकाळात ओढशामक दिलं, तर आठवण शाबूत राहते, पण तिच्यातली ओढ परत मूळ धरत नाही."

"म्हणजे कोकेन आठवेल, पण हवंसं वाटणार नाही?"

"अगदी बरोबर."

औषध टोचून मुल्ला निघून गेले. यशोधनचा चेहरा उतरला होता. त्याला धीर यावा म्हणून मृण्मयीने सहज विचारलं, हे सगळं कुणासाठी सोडायचंय? मग तो शाल्मलीबद्दल बोलत राहिला. मृण्मयी मनापासून ऐकत राहिली.

औषध लागू पडलं. जुने मित्र, जुन्या पार्ट्या, कशानेच यशोधन पुन्हा कोकेनकडे वळला नाही. बाकीचे रुग्णही सुधारत होते. केंद्रात उत्साहाचं वातावरण होतं. अशाच एका तपासणीच्या वेळी मृण्मयीने शाल्मलीची चौकशी केली, तर तो तिला भेटायला गेलाच नव्हता.

"जायला हवं, हे कळतं मला," तो शांतपणे म्हणाला. "तिचं लहानपण सगळं आठवतं. पण दुसऱ्याच कुणाच्या मुलीची गोष्ट ऐकावी, तसं."

मृण्मयीला औषध टोचल्यानंतरच्या गप्पा आठवल्या. मृदुकाळात तो शाल्मलीच्याच आठवणी काढत होता, आणि त्या काढायला तिनेच लावल्या होत्या. कुठली ओढ घातक आणि कुठली जपायची, हे औषधाला कुठून कळणार?

तिने मुल्लांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की औषधाने आपलं काम चोख केलं, चुकलो आपण. त्यांनी नव्या रुग्णांची भरती थांबवली आणि मृदुकाळात व्यसनाखेरीज दुसरा विषय काढायचा नाही, असा नियम केला. राहिला प्रश्न यशोधनचा. त्याला सत्य सांगायची जबाबदारी मृण्मयीने स्वतःकडे घेतली.

सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, ती ओढ परत आणता येईल का?

"जुनी नाही आणता येणार," ती म्हणाली. "पण नवी ओढ लागायची मेंदूची शक्ती औषध हिरावत नाही. तुम्ही तिला भेटा. काही वाटलं नाही तरी भेटत राहा."

यशोधनच्या संमतीने तिने शाल्मलीलाही सारं काही सांगितलं. मुलगी आली ती ओठ घट्ट मिटूनच. बापलेक केंद्राच्या बागेत बराच वेळ बसले. परत जाताना शाल्मली मृण्मयीपाशी थांबली.

"पूर्वी बाबा भेटले की रडायचे, शपथा घ्यायचे. मग गायब व्हायचे," ती म्हणाली. "आज त्यांनी मी काय शिकते ते विचारलं, आणि नीट ऐकूनही घेतलं. मी पुन्हा येईन."

ती येत राहिली. पावसाळा सरला, हिवाळाही गेला.

मग एके दिवशी यशोधन तपासणीला आला तो अस्वस्थ. हाताला कंप होता, तळव्यांना घाम सुटला होता. एका जागी त्याला बसवत नव्हतं. एकेक लक्षण मृण्मयीच्या चांगल्याच ओळखीचं होतं. व्यसन उलटलं, असं तिच्या मनाने घेतलं. तिने लगेच रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला, त्यात कोकेनचा मागमूस नव्हता.

"मग होतंय तरी काय तुम्हाला?" तिने विचारलं.

यशोधनने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"शाल्मली दुपारीच पोचायची होती," तो म्हणाला. "फोनही लागत नाही तिचा. डॉक्टर, मी जरा बाहेर जाऊन उभा राहू का?"