पाच गावं आणि नववं कलम

समोरून संत्र्यांचा ट्रक आला म्हणून नियोजनवालीनं स्कूटर बाजूला घेतली. आपण वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर चढलोय, हे तिला कळलं ते खिडकीतून आवाज आल्यावर.

“एकशे सत्तर.”

“काय एकशे सत्तर?”

“किलो. स्कूटर, तुम्ही आणि ती नकाशांची गुंडाळी.” खिडकीतला काटेवाला गंभीर चेहऱ्यानं पावती फाडत होता. “स्कूटर एकशे आठची. हे मॉडेल मला पाठ आहे. पुढची वजाबाकी मी केलेली नाही... मनातसुद्धा.”

आठ वर्षांच्या नोकरीत लोकांनी तिला अडवलं होतं, टोलवलं होतं, चहावर बोळवलं होतं. तोललं मात्र कुणी नव्हतं.

“नकाशे फार जड आहेत,” ती म्हणाली.

“असणारच. पाच गावं आहेत त्यात.”

पाचही गावांचे रस्ते त्याच नाक्यावर मिळत. वडिलांनी बसवलेला काटा, मागं दोन खोल्या. काटेवाला तिथंच जन्मला, तिथंच वाढला. खोऱ्यातला प्रत्येक ट्रक त्याच्यासमोर एकदा रिकामा उभा राही, एकदा भरलेला. आणि नियोजनवालीचं काम असं, की या पाच गावांनी मिळून विकासाचा एकच आराखडा करायचा, संत्र्यांसाठी एकच शीतगृह बांधायचं. महिनाअखेर पाचही सह्या झाल्या नाहीत, तर निधी शेजारच्या खोऱ्यात जाणार. पाच महिने ती घसा कोरडा करत फिरली, तेव्हा हाती पाच आराखडे आले. प्रत्येकात शीतगृह आपापल्या वेशीपाशी.

पावसाची सर आली म्हणून ती आत बसली, आणि बसलीच आहे तर म्हणून तिनं पाचही गावांच्या पिकांचे आकडे त्याच्यापुढं मांडले. त्यानं बेरजेवरून बोट फिरवलं.

“एवढी संत्री पिकली असती, तर माझा काटा केव्हाच मोडला असता.”

“म्हणजे?”

“खरी निम्म्याहून थोडी जास्त. वरच्या गावकऱ्यांच्या बागा खालच्या गावच्या शिवारात आहेत. वरचं गाव मालक बघून मोजतं, खालचं जमीन बघून. एकच झाड दोन्हीकडे फळतं. पाचही गावांत हीच गंमत.”

तिच्या हातातली पेन्सिल गळून पडली. पाच महिने... म्हणजे जवळजवळ दुप्पट आकाराचं, निम्मं रिकामं शीतगृह ती सही-शिक्क्यासाठी घेऊन हिंडत होती. काटेवाल्यानं पेन्सिल उचलली, टोक मोडलं होतं ते तासलं, आणि तिच्यापुढं ठेवली. माणसं सल्ले फार देतात; टोक करून कुणी देत नाही. तिनं हे मनात टिपून ठेवलं.

मग रोजची फेरी सुरू झाली. त्याच्या वह्यांतून ती गावागावाचं खरं वजन उतरवून घेई. एका पानावर दोघांची बोटं अडखळत, मग दोघंही पान उलटायचं विसरत.

“आज एकशे साठ,” एकदा तो म्हणाला. “जेवला नाहीत?”

“नकाशे घरी ठेवलेत.”

“म्हणजे नकाशे खरंच जड होते तर. मी उगाच संशय घेतला.”

“वजाबाकी केली नव्हतीत ना?”

“हात आपोआप चालतो हो... धंदाच तो.”

सह्यांची बैठक खालच्या गावच्या शाळेत भरली. पाच गावप्रमुख पाच दिशांना बघत बसले. काटेवाला वह्या घेऊन मागच्या बाकावर. तिनं कलमं फळ्यावर लिहीत वाचली. शीतगृह खालच्या गावात, कारण पाणी आणि वीज तिथंच पुरेशी. सहावं कलम : सगळा माल शीतगृहाच्या दारातच नव्या काट्यावर तोलला जाईल.

“म्हणजे नाक्यावरचा काटा?” वरच्या गावच्या प्रमुख काकूंनी विचारलं.

“बंद,” ती म्हणाली.

शब्द आधी तोंडातून गेला, अर्थ मागून आला. खडू हातात तसाच राहिला. कलम तिनंच लिहिलं होतं, त्याच्याच टेबलावर, त्यानंच टोक केलेल्या पेन्सिलीनं.

चहाच्या सुट्टीत तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“कलम लिहिलंत, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही कलम खोडलं असतं.” त्यानं हातातला कप फिरवला. “खोडलं असतं ना?”

तिनं बोटांवरची खडूची भुकटी झटकली. तेच उत्तर होतं.

“आमच्या घरानं आजवर खोटं वजन सांगितलं नाही,” तो चहाच्या कपाशी बोलत होता. “यंदा पहिल्यांदाच मन झालं. तुम्ही रोज येत राहावं म्हणून...”

आतून घंटा झाली. नेमकी तेव्हाच.

“शीतगृह खाली, कबूल,” काकू म्हणाल्या. “पण काट्यावर बसणार कोण?”

“आमच्याच गावचा,” खालच्या गावचे प्रमुख मास्तर म्हणाले.

“मग सही नाही.”

“आमचीही नाही,” उरलेले तिघं एका सुरात म्हणाले.

“नाक्यावरचाच बसवा की,” त्यातलाच एक पुटपुटला. “तो कुठल्याच गावचा नाही.”

पाच माना एकदम हलल्या. नियोजनवाली बघतच राहिली. परस्परांवर विश्वास कसा ठेवावा यावर तिनं सात शिबिरं घेतली होती. आणि पाच गावांची एकी झाली ती शेवटी अविश्वासावर.

पण काकूंचं पेन अजून बंदच होतं. “आज कुठल्या गावचा नाही. उद्या मास्तरांच्या गावची पोरगी केली, मग? सासऱ्याचा ट्रक आला की काटा कुणीकडे झुकेल? लिहा मॅडम, कलम नऊ. काटेवाल्याची सोयरीक पाचही गावांत होणार नाही.”

“काकू, असं कलम घालता येत नाही.”

“मग सही नाही.”

“माझी हरकत नाही,” मागच्या बाकावरून आवाज आला. “घालाच.”

तिनं लिहिलं. अक्षर एवढं वाकडं तिचं कधी आलं नव्हतं. काकूंनी पेन उघडलं, ऐटीत सही ठोकली, मग चष्म्यावरून बघितलं.

“बाकी मॅडम, तुमचं गाव या खोऱ्यातलं नव्हे ना?”

“नाही... का?”

“काही नाही. आमचे ट्रक रोज नाक्यावरून जातात. स्कूटर दिसते हो.”

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. पाच गावं एकाच दिशेला बघताना तिनं प्रथमच पाहिली, आणि बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ती स्वतःच होती.

संध्याकाळी भुरभुर पावसात तिनं स्कूटर नाक्यावर थांबवली. पाट्यावर नाही, कडेला.

“कलम तुम्ही सुचवलंत काकूंना?”

“नाही.” खिडकीतून तो म्हणाला. “पण तुम्ही लिहीत होतात तेव्हा वाटलं, सावकाश लिहावंत, म्हणजे बघत बसता येईल.”

ती पाट्यावर येऊन उभी राहिली. स्कूटरशिवाय, नकाशांशिवाय. “हं. आता सांगा. वजाबाकी न करता.”

काट्याकडे न बघताच तो बाहेर आला, आणि पाट्यावर तिच्याशेजारी उभा राहिला. पाटा किंचित खाली बसला. आत, रिकाम्या खिडकीमागं, काटा कुठल्या तरी आकड्यावर जाऊन थांबला.

“आता वाचणार कोण?” तिनं विचारलं.

आयुष्यात एकही वजन लिहायचं न चुकलेला तो माणूस तिच्या ओल्या बाहीकडे बघत म्हणाला, “आजचं राहू दे.”