तीन बोटांचा राक्षस

"वॉल्ट, भूत रात्रीच दिसलं ना?" कॅमेरा सांभाळणाऱ्या पोरीनं विचारलं.

"भर दुपारी," शेकोटीत लाकूड सारत म्हातारा वॉल्ट म्हणाला. "आपल्या सिनेमाच्या धंद्यात रात्र दुपारीच होते, बाई. भिंगापुढं निळी काच लावली की झालं. दिव्यांचा खर्च कोण करतो? हसू नका. माझ्या दोस्ताच्या, एमेटच्या बाबतीत घडलंय हे."

गेल्या सप्टेंबरातल्या एका बुधवारी एमेट एकटाच मोहावीच्या वाळवंटात गेला. काम एवढंसंच. मंगळावरचा राक्षस रात्री टेकडीवर उभा राहून पृथ्वीकडे शेवटचं बघतो, तेवढा शॉट घ्यायचा. ज्यांत उडत्या तबकडीला टांगणारी दोरी सरळ दिसायची, त्या जुन्या सिनेमांवर त्या नवराबायकोचा भारी जीव. स्वतःही तसलेच काढायचे. राक्षस व्हायची बायको, नेल्डा. तीन बोटांचा रबरी पोशाख तिच्याच मापाचा. चेन पाठीवर, आतून उघडत नसे. म्हणून नियम होता, ज्यानं चेन लावली त्यानंच ती उघडायची. शॉट झाला की नेल्डा पाठ फिरवून डोक्यावर दोनदा थापटायची. "अरे उघड ना, शिजले मी!"

त्याआधी मार्चमध्ये नेल्डा गेली. तिचा शेवटचा सिनेमा त्या एका शॉटपायी अडकला.

"दुसऱ्या कुणाला तो पोशाख घाल म्हटलं, तर अंगावर धावून आला माझ्या," वॉल्ट म्हणाला.

एमेटनं टेकडीवर काठी रोवली. तिच्यावर पोशाख चढवला, चेन लावली. खाली येऊन कॅमेरा सुरू केला. निळ्या काचेत रात्र झाली. राक्षस उभा होता. वारा नव्हता.

राक्षसानं पाठ फिरवली.

हात वर गेला... टप. टप.

एमेट धावत सुटला. धाप... चेन ओढली.

आत काठी. नुसती काठी.

पोशाखाला मिठी मारून तो ढसाढसा रडला. "उशीर झाला गं मला... उशीर झाला," एवढंच म्हणत राहिला.



"मग?" पोरीनं हळूच विचारलं.

"मग काय... शॉट मिळाला. सिनेमा पुरा झाला. संध्याकाळी एमेट माझ्या दारात आला, तर शर्टाच्या पाठीवर ओला पंजा. घामाचा."

"रबरी हाताचा असेल."

"त्याला तीन बोटं." वॉल्टनं स्वतःचा तळहात आगीपुढं धरला. "शर्टावरचा पाच बोटांचा. बाईच्या हाताएवढा... शर्ट त्यानं खुंटीला टांगलाय. आपल्या या वाळवंटात धुतलेलं घोंगडं तासाभरात खडखडीत वाळतं."

त्यानं तळहात खाली घेतला.

"परवा बघून आलो. पंजा अजून ओला आहे."